फिनिशियन थडग्यांची साक्ष

आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर बिब्लॉस, सायडन आणि टायर ही फिनिशियनांची नगरराज्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात भरभराटीला आली. ज्यांच्या लिपीवरून ग्रीकांनी आपली लिपी घडवली, त्यांचे स्वतःचे वाङ्मय मात्र जवळजवळ नामशेष झाले. त्यांच्याविषयी लिहिले ते ग्रीक, रोमन आणि हिब्रू लेखकांनी, तेही बहुधा परक्याच्या किंवा शत्रूच्या नजरेने. म्हणूनच फिनिशियनांचा स्वतःचा शब्द शोधताना अभ्यासकांना त्यांच्या थडग्यांकडे वळावे लागते.

१९२२ मध्ये दरड कोसळून बिब्लॉसची राजदफनभूमी उघडी पडली. पुढच्याच वर्षी फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर माँते यांना तेथे अहिराम राजाची दगडी शवपेटिका आढळली. तिच्यावर सिंहासनस्थ राजाच्या हाती मान टाकलेले कमळ आहे, तर आखूड बाजूंवर ऊर बडवून आक्रोश करणाऱ्या स्त्रिया. पुत्र इत्तोबाल याने पित्यासाठी कोरवलेला लेख साधारण इ.स.पू. १००० च्या सुमाराचा मानला जातो. ही पेटी उघडणाऱ्याचा राजदंड मोडो आणि सिंहासन उलथो, असा शाप त्यात आहे.

हीच धास्ती सायडनच्या राजांना पाच शतकांनंतरही होती. तबनीत राजाची पेटी मुळात पेनप्ताह या इजिप्शियन सेनापतीची. तिच्यावरील चित्रलिपीतला जुना लेख तसाच ठेवून खाली फिनिशियन मजकूर कोरला गेला. आत सोने नाही, चांदी नाही, मला त्रास देऊ नका, असे तबनीत विनवतो. दुसऱ्याच्या पेटीत विसावलेल्या राजाने ही विनवणी करावी, यातला विरोधाभास लपत नाही. त्याचा पुत्र दुसरा एश्मुनाझार याचा बावीस ओळींचा लेख अधिक करुण आहे. आपण विधवेचा पुत्र, अनाथ, अकाली हिरावले गेलो, असे तो सांगतो. पेटी उघडणाऱ्याला मृतात्म्यांमध्ये, म्हणजे ‘रेफाईम’मध्ये, विसावा न मिळो, असा त्याचा शाप आहे. मृत्यूनंतरही विसाव्याची जागा असते आणि ती गमावताही येते, ही श्रद्धा त्यातून स्पष्ट होते. आज तबनीतची पेटी इस्तंबूलमध्ये आहे, एश्मुनाझारची पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात.

राजांच्या या पेट्यांवरून सर्व समाजाची कल्पना करणे मात्र फसवे ठरेल. टायरच्या अल-बास दफनभूमीत मारिया एउखेनिया औबेत यांच्या नेतृत्वाखाली १९९७ पासून झालेल्या उत्खननात सामान्य नागरिकांचे दहनविधी उजेडात आले. अनेकदा एका मृतासाठी दोन कुंभ पुरलेले दिसतात: एकात राख, दुसऱ्यात वेचलेल्या अस्थी. सोबत दोन सुरया आणि पेयपात्र. जवळच मुद्दाम फोडलेल्या थाळ्यांचे तुकडे सापडतात. निरोपाच्या विधीत खाणेपिणे असावे, असे त्यावरून दिसते. पुष्कळ थडग्यांतील साहित्य इतके एकसारखे, की मृताच्या श्रीमंतीचा अंदाज बांधणे कठीण.

सर्वांत तीव्र वाद आहे तो ट्युनिशियातील कार्थेज या फिनिशियन वसाहतीतील ‘तोफेत’विषयी. तेथील कुंभांत अर्भकांच्या व कोकरांच्या जळालेल्या अस्थी आहेत. प्राचीन लेखक बालबळीचा आरोप करतात. २०१० मध्ये काही संशोधकांनी दातांच्या अभ्यासावरून मांडले, की यांतील बरीच बालके जन्माच्या आगेमागे नैसर्गिकरीत्या दगावली असावीत. उष्णतेने दात आकसतात, त्यामुळे वयाचा हा अंदाज चुकला, असे उत्तर लगेच दुसऱ्या गटाने दिले. आणि कुंभांसोबतच्या शिलांवर तर देवता बाल-हम्मोन आणि तानित यांना फेडलेल्या नवसाचा उल्लेख आहे.