देशातली ‘सर्वांत वाईट’ काउंटी ठरवणारा निर्देशांक नेमकं काय मोजतो?

‘राहण्यासाठी सर्वोत्तम दहा ठिकाणं’, ‘देशातली सर्वांत वाईट शहरं’ अशा याद्या सोशल मीडियावर रोज फिरतात. आपलं गाव वर असेल तर आपण यादी शेअर करतो, खाली असेल तर कमेंटमध्ये भांडतो. पण ही यादी बनवताना नेमकं काय मोजलं, हे क्वचितच कोणी विचारतं. अमेरिकेत २०१५ मध्ये अशाच एका यादीवरून मोठा गदारोळ झाला होता. त्याचा शेवट मात्र कोणालाच अपेक्षित नव्हता.

काय घडलं होतं?

ऑगस्ट २०१५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार ख्रिस्तोफर इंग्रॅहम यांनी एक बातमी केली. अमेरिकेच्या कृषी खात्याची एक जुनी आकडेवारी त्यांच्या हाती लागली होती. निसर्ग आणि हवामान या निकषांवर देशातल्या काउंट्यांची क्रमवारी तिच्यावरून लावता येत होती. पहिल्या क्रमांकावर होती कॅलिफोर्नियातली व्हेंचुरा काउंटी. शेवटी होती मिनेसोटा राज्यातली रेड लेक काउंटी. राहण्यासाठी ही देशातली सर्वांत वाईट जागा, अशा अर्थाची टिप्पणी इंग्रॅहम यांनी केली आणि मिनेसोटाचे लोक खवळले. ईमेल आणि ट्वीटचा पाऊस पडला. लोकांनी नद्यांचे, शेतांचे, सूर्यास्ताचे फोटो पाठवले. ‘एकदा येऊन तर बघा,’ असं आमंत्रणही आलं.

काउंटी म्हणजे काय?

अमेरिकेत राज्याच्या खालचं प्रशासकीय एकक म्हणजे काउंटी. ढोबळमानाने आपला जिल्हा म्हणता येईल. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. अमेरिकेत मात्र काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत, त्यामुळे त्या आकाराने आणि लोकसंख्येने फार वेगवेगळ्या आहेत. व्हेंचुरा काउंटीत आठ लाखांहून अधिक लोक राहतात. रेड लेक काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत होती ३,९३५. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम आकाराच्या गावाएवढी माणसं, पण पसरलेली सुमारे १,१०० चौरस किलोमीटरवर.

निर्देशांकात काय मोजलं होतं?

या मोजमापाचं नाव ‘नैसर्गिक सुविधा निर्देशांक’. कृषी खात्याच्या आर्थिक संशोधन विभागातले डेव्हिड मॅकग्रॅनाहन यांनी १९९९ मध्ये तो अहवालाच्या रूपात मांडला. अलास्का आणि हवाई ही राज्यं वगळून ३,१११ काउंट्यांना त्यात गुण दिले होते. निकष सहा होते:

१. जानेवारीत हवा किती उबदार असते
२. जानेवारीत ऊन किती मिळतं
३. उन्हाळा किती सौम्य असतो
४. जुलैत दमटपणा किती कमी असतो
५. जमीन सपाट आहे की डोंगराळ
६. एकूण क्षेत्रात पाण्याचा वाटा किती

प्रत्येक निकषावर एखादी काउंटी सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहून बेरीज केली गेली. व्हेंचुराला ११.१७ गुण मिळाले, रेड लेकला उणे ६.४.

रेड लेक शेवटी का आली?

कारण बहुतेक निकष तिच्या विरोधात होते. हिवाळ्यात इथे पारा उणे २० अंशांच्याही खाली जातो, त्यामानाने उन्हाळा चांगला तापतो. जमीन सपाट आहे, कारण हा भाग हिमयुगातल्या अगासिझ नावाच्या प्रचंड सरोवराचा तळ आहे. आणि मिनेसोटाची ओळख ‘दहा हजार तळ्यांचं राज्य’ अशी असली, तरी या काउंटीत पाण्याखालचं क्षेत्र नगण्य आहे. ज्या रेड लेक तळ्याचं नाव ती मिरवते, ते तळंही तिच्या हद्दीत नाही. नाव पडलं ते तिथून वाहत येणाऱ्या नदीवरून.

मजेची गोष्ट म्हणजे त्याच सरोवराच्या गाळाने इथली जमीन सुपीक केली. गहू आणि सोयाबीन हीच इथली मुख्य पिकं. पण सुपीक मातीला या निर्देशांकात गुण नाहीत.

मग निर्देशांक चुकीचा होता का?

नाही. त्याने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर शोधलं होतं. ग्रामीण अमेरिकेतले लोक कुठून उठून कुठे जात आहेत आणि का, हे मॅकग्रॅनाहन यांना पाहायचं होतं. उत्तर ठळक निघालं. १९७० ते १९९६ या काळात कमी गुणांच्या ग्रामीण काउंट्यांची लोकसंख्या सरासरी फक्त १ टक्का वाढली. जास्त गुणांच्या ग्रामीण काउंट्यांत ही वाढ १२० टक्के होती. निवृत्त लोक, पर्यटन आणि त्यामागून येणारे रोजगार डोंगर, पाणी आणि उन्हाच्या दिशेने सरकत होते.

हा निर्देशांक फक्त भौतिक परिसराबद्दल आहे, सामाजिक किंवा आर्थिक परिस्थितीबद्दल नाही, हे अहवालातच स्पष्ट केलेलं होतं. ‘निसर्गाचे गुण कमी’ आणि ‘राहायला वाईट’ या दोन गोष्टी एकच आहेत, असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं. ती उडी बातमीने मारली.

जास्त गुणांची किंमत कोण मोजतं?

कोरडी हवा, भरपूर ऊन आणि डोंगरउतार यांमुळे व्हेंचुराला गुण मिळतात. वणवा पेटायलाही हेच लागतं. डिसेंबर २०१७ मध्ये याच काउंटीत सुरू झालेल्या ‘थॉमस फायर’ वणव्यात २ लाख ८० हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळालं आणि हजारावर बांधकामं नष्ट झाली.

दुसरं उदाहरण वायोमिंग राज्यातल्या टिटॉन काउंटीचं. तिथे ग्रँड टिटॉन राष्ट्रीय उद्यान आहे, यलोस्टोनचा काही भाग आहे, बर्फाचे डोंगर आहेत. तिथली जवळपास ९७ टक्के जमीन सरकारी मालकीची असल्याने घरांसाठी जागाच उरत नाही. जी आहे ती श्रीमंतांनी घेतली आहे. जॅक्सन गावातल्या हॉटेलांत, शाळांत, दुकानांत काम करणारे अनेक जण शेजारच्या आयडाहो राज्यात राहतात आणि रोज टिटॉन खिंड ओलांडून कामाला येतात. जून २०२४ मध्ये या खिंडीतल्या रस्त्याचा एक भाग खचला. पर्यायी रस्ता होईपर्यंत सुमारे तीन आठवडे या लोकांना कित्येक किलोमीटरचा वळसा घालावा लागला. देखावा सगळ्यांसाठी सारखाच असतो, पण त्याच्याजवळ राहणं सगळ्यांना परवडत नाही.

त्या पत्रकाराचं पुढे काय झालं?

इंग्रॅहम यांनी आमंत्रण स्वीकारलं आणि त्याच महिन्यात रेड लेकला भेट दिली. तेव्हा ते मेरीलँड राज्यात राहत होते. वॉशिंग्टनच्या कार्यालयात जाण्यायेण्यात रोजचे काही तास जात. घरात लहान जुळी मुलं होती आणि त्यांच्यासाठी वेळ उरत नव्हता. रेड लेकमध्ये त्यांना स्वस्त घरं दिसली, ओळखीने बोलणारी माणसं दिसली. ज्या नदीला निर्देशांकात जवळपास काहीच वजन नव्हतं, तिच्यात लोक उन्हाळ्यात रबरी ट्यूबमध्ये बसून तरंगत होते. २०१६ मध्ये ते कुटुंबासह तिथेच राहायला गेले. नोकरी तीच राहिली, फक्त काम घरून सुरू झालं. या अनुभवावर त्यांनी २०१९ मध्ये पुस्तकही लिहिलं.

घरून काम करण्याची मुभा होती म्हणून हे जमलं, हे मात्र विसरायला नको. ज्याला गावातच रोजगार शोधायचा आहे, त्याच्यासाठी हिशेब वेगळा असतो.

अशी यादी पाहताना काय विचारावं?

पहिला प्रश्न: काय मोजलं? डोंगर मोजला की दवाखान्याचं अंतर? दुसरा: ते कशासाठी मोजलं होतं? तिसरा: कधी मोजलं? या निर्देशांकातली हवामानाची आकडेवारी १९४१ ते १९७० या काळातल्या सरासरीची होती. आणि चौथा: जगण्याचा दर्जा कोणाचा? निवृत्त जोडप्याला हवं असलेलं ऊन आणि लहान मुलांच्या आईबापांना हवा असलेला वेळ एकाच आकड्यात बसत नाही.

इंग्रॅहम कुटुंब आलं म्हणून रेड लेकची घसरण थांबली नाही. २०१० मध्ये तिथे ४,०८९ लोक होते, २०२० मध्ये ३,९३५. लोक कुठे जातील याबद्दल निर्देशांकाचा अंदाज इथे खरा ठरतो आहे. जे तिथे राहतात ते कसे जगतात, हे मात्र त्याने कधी मोजलंच नव्हतं.