धानाचा ‘ध’

आपला भंडारा जिल्हा धानाचा. या ‘धान’मधल्या ‘ध’ची गाठ पुसली की ‘घान’ होते! निर्णयसागर छापखाना १८६९ साली मुंबईत निघाला; त्याचे खिळे ही गाठ सुबक उमटवत. संगणकाचा पडदा मात्र अक्षर ठिपक्यांनी काढतो. जुन्या लॅपटॉपांवर १०२४ बाय ७६८, म्हणजे आठ लाखांहून कमीच ठिपके. त्यात इंग्रजीचे भागे. आपल्याला वर मात्रा, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर. पुढे १३६६ बाय ७६८ आला. रुंदी वाढली, उभे ठिपके तेवढेच. सिनेमाची सोय झाली, वेलांटीची कुठली!

वडिलांची शेतीची वही मी टंकतो आहे, तिच्यात पानोपानी धान. म्हणून लॅपटॉपचा पडदा बदलून १९२० बाय १०८०चा बसवला. ठिपके जवळजवळ दुप्पट. आतली केबलही बदलावी लागली, कारण जुनीतून एवढ्या ठिपक्यांची माहिती जाईना. अक्षरे आधी मुंगीएवढी दिसली. सेटिंगमध्ये सव्वापट केली. आता ‘भंडारा’वरचा अनुस्वार शिरोरेषेला चिकटत नाही आणि ‘ध’ हा ‘ध’च दिसतो. मुलगा म्हणाला होता, नवाच घ्या बाबा. वही अजून निम्मी बाकी आहे.