डॅशबोर्डातला आवाज

बिलोलीला रेल्वे नाही. नरसी असो, देगलूर असो की नांदेड, जायचं ते रस्त्यानंच. त्यामुळे इथल्या माणसाचं गाणं ऐकणं निम्मं गाडीत झालं. काळ्या-पिवळ्या जीपमधले स्पीकर मालकानं मागाहून, जागा सापडेल तिथं ठोकलेले. कंपनीनंच बसवून दिलेला स्पीकर ही पुढची गोष्ट.

तिची सुरुवात अमेरिकेत. 1930 साली पॉल गॅल्विन यांच्या कंपनीनं ‘मोटोरोला’ नावाचा मोटारीतला रेडिओ विकायला काढला. रेडिओ, स्पीकर, बॅटऱ्या असे सुटे डबे गाडीत कुठंतरी बसवावे लागत. पुढं स्पीकर डॅशबोर्डाच्या मधोमध आला, जाळीखाली आणि तोंड वर करून. आवाज समोरच्या काचेवर आपटून माणसांकडे येई. एकच वाहिनी, एकच स्पीकर आणि वायरही आखूड; कारखान्याला ते परवडत होतं. काचेखालची जागा अरुंद म्हणून स्पीकर लंबगोल झाला. त्याचा आकार कानानं नव्हे, उरलेल्या जागेनं ठरवला.

स्टिरिओ आल्यावर डावं-उजवं वेगळं करणं भाग पडलं. मोठा स्पीकर दारात उतरला, बारीक स्वरांचा ट्वीटर डॅशच्या कोपऱ्यात किंवा काचेलगतच्या खांबात गेला. बारीक स्वर सरळ रेषेत जातात. ते पायाशी सोडले तर गुडघेच ऐकतात. पण गाडीच्या अंतरंगाचा हिशेब मांडून खास तिच्यासाठीच आवाज रचायचं काम अमर बोस यांच्या कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर केलं, तेव्हा 1983ची मॉडेलं उजाडली होती. आपल्याकडेही 2021 साली आलेल्या, चाकणला तयार झालेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700च्या वरच्या मॉडेलांत सोनीचे 12 स्पीकर होते.

चालक उजवीकडे बसतो, म्हणून उजवा स्पीकर त्याच्या जवळ. डावा त्याहून 1 मीटर जास्त दूर असेल, तर त्याचा आवाज सुमारे 3 मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गाणं उजव्या दाराकडे ओढलं जातं. चांगली यंत्रणा जवळच्या स्पीकरला तेवढंच थांबवते.

आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅश हात लावू देत नाही. कागदी पडदा आणि गोंद तिथं फार टिकत नाही. म्हणून प्लॅस्टिकचा पडदा आणि रबरी कड आली. पावसाळ्यात दारातून पाणी उतरतं. ते अडवायला दाराच्या अस्तरामागं प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. तोच स्पीकरच्या पुढचा आणि मागचा आवाज वेगळा ठेवायलाही मदत करतो. हे दोन आवाज मिसळले की एकमेकांना मारतात आणि ढोलकीचा धुम नाहीसा होतो.

तेव्हा कंपनीच्या स्पीकरला नावं ठेवून नवे घेण्याआधी दाराचं अस्तर उघडायला सांगा. तो कागद फाटलेला असेल तर आधी तो नीट चिकटवून घ्या.