कमी बजेटमध्ये अँबियंट गिटार साउंड कसा बनवायचा?

इलेक्ट्रिक गिटारची तार छेडली की आवाज थोड्या वेळात विरून जातो. अँबियंट वादनात हाच आवाज लांबवून गाण्यामागे धुक्यासारखा पसरवतात. त्यासाठी महागडा पेडलबोर्ड लागतोच असं नाही. डिले आणि रिव्हर्ब, एवढे दोन इफेक्ट नीट समजले तरी पुरे.

डिले
हा वाजवलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवतो. टाइम म्हणजे दोन आवाजांमधलं अंतर, फीडबॅक म्हणजे किती वेळा परत यायचं आणि मिक्स म्हणजे ते किती मोठ्याने. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने भागा, एका ठोक्याचा वेळ मिलिसेकंदात मिळतो. १२० बीपीएमला ५०० मिलिसेकंद. त्याचे ७५ टक्के, म्हणजे ३७५ घेतले की 'डॉटेड एट्थ' डिले तयार. यू२ बँडचा गिटारिस्ट द एज याच्यासाठीच ओळखला जातो.

रिव्हर्ब
हा मोठ्या हॉलमध्ये वाजवल्याचा भास देतो. डीके वाढवला की शेपटी लांबते. पण मग जाड तारांचे सूर एकमेकांत मिसळून गचका होतो. अशा वेळी पूर्ण कॉर्डऐवजी दोन-तीनच सूर वाजवा.

क्रम
गिटार → ओव्हरड्राइव्ह → डिले → रिव्हर्ब → अँप. ओव्हरड्राइव्ह रिव्हर्बनंतर लावला तर लांबलेली शेपटीही फाटते आणि नुसता गोंगाट उरतो.

फुकटची युक्ती
गिटारचा वॉल्यूम शून्यावर ठेवून तार छेडा, मग करंगळीने नॉब हळूहळू वाढवा. छेडल्याचा 'टक्' आवाज जातो आणि सूर व्हायोलिनसारखा उमलतो.

आधी काय घ्यायचं?
अँपमध्ये रिव्हर्ब असेल तर फक्त डिले पेडल घ्या. नसेल तर झूम एमएस-७०सीडीआरसारखं सेकंडहँड मल्टी-इफेक्ट बघा, एकाच डब्यात दोन्ही मिळतात. कॉम्प्युटर आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर वल्हाला सुपरमॅसिव्ह हा प्लगइन मोफत आहे. आयफोनवर गॅरेजबँड चालतं, पण तिथेही गिटारसाठी इंटरफेस हवाच. अँड्रॉइडवर आवाज उशिरा येण्याची अडचण फोननुसार कमी-जास्त असते, म्हणून मित्राचा इंटरफेस आणून आधी तपासा.

अडॅप्टर सांभाळा!
बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, सेंटर-निगेटिव्ह अडॅप्टर लागतो. घरातले बरेच अडॅप्टर सेंटर-पॉझिटिव्ह असतात. पिन बसते म्हणून तो लावला तर पेडल जळू शकतं. दोन्हीकडची चिन्हं आणि व्होल्टेज जुळवा. अडॅप्टरचे मिलिअँपिअर पेडलच्या गरजेइतके किंवा जास्त हवेत.

सुरुवातीचं सेटिंग
डिले ३७५ ते ५००, फीडबॅक आणि मिक्स एक-तृतीयांश, रिव्हर्ब अर्ध्यावर. एक सूर वाजवा, तो पूर्ण विरेपर्यंत ऐका, मगच पुढचा.