दोन वेण्या आणि कांड्यांची पाटी

वाचक बाई असो वा पुरुष, आजच्या दिवसापुरत्या दोन वेण्या घाला. घट्ट घाला, लाल रिबिनी बांधा. साल 1997, महिना डिसेंबर, गाव कबनूर. तुम्ही चौदा वर्षांच्या आहात, नववीत शिकताय, आणि बाहेर अजून अंधार आहे.

रात्रभर माग चालूच होते. खटाक-खटाक, खटाक-खटाक. घाबरू नका, दोन दिवसांत या आवाजात गाढ झोप लागते. इथं माणसं जागी होतात ती वीज जाऊन माग थांबले की!

"पाणी आलंय गं, ऊठ!" आईची हाक आली. घागर घ्या, नळावर पळा. फरशी थंडगार, पायात चप्पल नाही आणि पुढच्या बाईची कळशी मध्येच घुसलेली. भांडायला लाजू नका. लाजलात तर आंघोळीला पाणी नाही.

आता घरामागच्या शेडमध्ये शिरा. एकदम ऊब अंगावर येते. मशीनचं तेल, सुताची खळ आणि रात्रपाळीचा घाम, सगळ्यांचा मिळून एक जड वास. कांडी मशीनपुढं मांडी घाला. कोनावरचं सूत कांडीवर सरसर चढतंय. धागा तुटला की पकडायचा, गाठ मारायची, पुढं. तर्जनी जरा उजेडात धरा. पेराच्या आतल्या बाजूला सुतानं कापलेली बारीक चीर दिसेल. मीठ लागलं की झोंबते, म्हणून भाकरीबरोबर ठेचा खाताना तुम्ही हे बोट वर धरताय. धोट्यातली कांडी बघता बघता संपते. माग तुमच्या गणिताच्या तासासाठी थांबत नाही. म्हणून शाळेआधी पाटी भरलीच पाहिजे.

भरली? मग केसांवरचं पांढरं तूस झटका. आईनं उसवून लांब केलेला निळा स्कर्ट घाला, दप्तर खांद्याला लावा आणि रस्त्यावर या.

काय गर्दी आहे! साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या सायकली, धूर, हॉर्न आणि मळीचा तो आंबूस-गोड वास, नाकातून घशात उतरणारा. पोरं पळत जाऊन ट्रॉलीतला ऊस ओढतायत. तुम्हीही ओढा एक. पोरींनी ऊस ओढू नये असा काही नियम नाही.

समोरून लाल एसटी आली. दार उघडायच्या आतच पोरींचा गलका ऐकू येतो. ज्यांच्या गावात पुढचे वर्ग नाहीत, अशा या मुली. कंडक्टर तिकीट मागत नाही, कारण प्रत्येकीकडं अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे. घामानं मऊ झालेला तो कागद त्या कंपासपेटीत जपून ठेवतात. तो नसता तर यातल्या कितीजणी सातवीनंतर घरी बसल्या असत्या, हे त्यांच्या आयांना विचारा.

वर्गात बसा. डाव्या हाताला पोरी, उजव्या हाताला पोरं. फळ्यावर बीजगणित. तुम्हाला येतंय आणि मजाही वाटतेय. पण दुपार झाली की पोटात कळ येते. सकाळपासून तुम्ही घोटभरही पाणी प्यायला नाहीत, कारण या शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह नाही. प्यायलात तर जाणार कुठं? शेजारची मैत्रीण परवापासून आलेली नाही. पाळी आली की ती चार दिवस घरीच बसते. हजेरीत 'गैरहजर' एवढंच लागतं.

संध्याकाळी घरी मामा आलेत, चहा झालाय. चुलीचा धूर डोळ्यांत जातोय आणि कान बाहेरच्या बोलण्याकडं आहेत.

"दहावी झाली की उजवून टाका पोरीला," मामा म्हणतात.

आप्पा गप्प. आई दारात येते. "फी लागत न्हाई दादा, बारावीपर्यंत. मग का काढायची शाळंतनं?"

"फी न्हाई खरं, पर कांड्या कोण भरणार?"

आई वळून तुमच्या थोरल्या भावाकडं बघते. तो कॉटवर पाय पसरून पडलाय. "ह्यो भरंल," ती म्हणते आणि कांड्यांची रिकामी पाटी त्याच्या पायाशी ठेवते.

आता वेण्या सोडा, परत या. मुलींचं शिक्षण बारावीपर्यंत मोफत करण्याचा तो निर्णय सरकारनं 1980 च्या दशकात घेतला होता. कबनूरच्या त्या घरात त्याला जोर आला तो आईनं भावासमोर तोंड उघडलं तेव्हा. आणि फी माफ झाली तरी मुलीचा वेळ माफ झाला नव्हता. तो थोरल्यानं पाटी उचलल्यावरच मोकळा झाला.

पुढं शिक्षण हक्क कायदा आला. 1 एप्रिल 2010 पासून मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं ही पहिली ते आठवीच्या शाळांची कायदेशीर जबाबदारी झाली. 2024-25 पासून, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना अभियांत्रिकी, वैद्यकीयसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्यात माफ आहे. तुमच्या घरात किंवा गल्लीत बारावी झालेली मुलगी असेल, तर तिला हे आजच सांगा आणि अर्ज भरायला सोबत जा. शाळेत जाणारी मुलगी असेल, तर तिच्या शाळेतलं स्वच्छतागृह एकदा स्वतः जाऊन बघा. आणि ती अभ्यासाला बसली असेल, तेव्हा घरातलं काम तिच्या भावाला सांगा.