शाळेची टोपी, सकाळची शाळा आणि कोकणातला फेब्रुवारी

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, तिसरीतल्या एका मुलीला तिच्या बाई रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. शाळेच्या पटांगणात कवायतीचा सराव चालू होता. तासाभराने मुलीचं डोकं दुखू लागलं, दोन उलट्या झाल्या आणि ती खाली बसली. ताप १०२ होता, पण ती शुद्धीवर होती आणि नीट बोलत होती. पंख्याखाली झोपवलं, अंग ओल्या फडक्याने पुसलं, घोट घोट जलसंजीवनी पाजली. संध्याकाळपर्यंत ती हसायला लागली.

बाई मात्र हादरल्या होत्या. त्यांनी विचारलं, "डॉक्टर, अजून फेब्रुवारीच आहे. आत्ता कसं ऊन लागेल?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याचं उत्तर शोधताना शाळेतल्या उन्हाच्या नियमांचा इतिहास पाहावा लागतो.

ऊन डोक्यातून शिरतं?

इंग्रज इथे आले तेव्हा त्यांची ठाम समजूत होती की सूर्याची किरणं कवटीतून आणि पाठीच्या कण्यातून आत शिरून मज्जासंस्था बिघडवतात. म्हणून साहेबाच्या डोक्यावर सोला टोपी आली. सोला म्हणजे सूर्य नव्हे. पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या गाभ्यापासून ती टोपी करत. काहीजण पाठीवर जाड कापडाची पट्टीही बांधत. दुसऱ्या महायुद्धात हजारो सैनिक ही टोपी न घालता उन्हात वावरले, त्यांना वेगळं काही झालं नाही, आणि टोपीचा दबदबा संपला.

खरं कारण त्याआधीच सापडलं होतं. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये दाखवलं की शरीर तापतं की नाही, हे नुसत्या हवेच्या तापमानावर ठरत नाही. घाम वाळतो की नाही, यावर ठरतं. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं आणि तरीही तो सुमारे ३१ अंशांच्या वर गेला, तर वारा नसलेल्या जागी स्वस्थ बसलेल्या माणसाचंही अंग तापू लागतं. त्याचे प्रयोग खोल खाणीतही झाले होते, जिथे सूर्यच नव्हता!

आपल्याकडे मात्र "ऊन डोक्यात जातं" हीच समजूत घराघरात राहिली. म्हणून खिशात कांदा ठेवतात. कांद्याने नुकसान काही नाही, पण घाम वाळायला त्याची मदतही होत नाही.

सकाळची शाळा आणि मे महिन्याची सुट्टी

पूर्वीच्या शाळांच्या जुन्या फोटोंत सगळी मुलं टोपी घातलेली दिसतात. ती टोपी शिस्तीची आणि रीतीची होती, उन्हासाठी नव्हती. पण फायदा व्हायचाच. पुढे गणवेशातून टोपी गेली. मुलांचं रक्षण करायला दोनच गोष्टी उरल्या, उन्हाळ्यातली सकाळची शाळा आणि मे महिन्याची सुट्टी.

दोन्ही चांगल्या आहेत. पण त्यांच्यामागे एक गृहीतक आहे, की खरा धोका एप्रिल-मे मध्ये असतो. विदर्भात, मराठवाड्यात ते बरोबर आहे. कोकणात अर्धंच बरोबर आहे.

कोकणचं ऊन लवकर येतं

आपल्याकडे मे महिन्यात समुद्रावरून वारे येतात, त्यामुळे पारा बेताने चढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र काही दिवस पूर्वेकडून, सह्याद्री उतरून कोरडे गरम वारे येतात. शाळेत शिकलेले खारे वारे त्या दिवशी उशिरा सुरू होतात, आणि दुपारपर्यंत पारा एकदम वर जातो. वारं फिरलं की दमटपणा येतो आणि घाम वाळेनासा होतो. म्हणूनच हवामान खात्याचा उष्णतेच्या लाटेचा निकष सपाट प्रदेशासाठी ४० अंश असला, तरी किनारपट्टीसाठी तो ३७ अंश आहे (आणि पारा सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असावा लागतो).

शिवाय शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. फेब्रुवारीतल्या पहिल्या लाटेच्या वेळी कुणालाच ती झालेली नसते. मे महिन्यात मुलं सुट्टीवर असतात. पहिली लाट येते तेव्हा ती पटांगणात असतात.

घड्याळाचाही एक घोळ आहे. १९०६ पासून आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखांशावर ठरते. रत्नागिरी त्याच्या सुमारे नऊ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य छत्तीस-सदतीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मार्चमध्ये साधारण पाऊण वाजता. म्हणजे जेवणाच्या सुट्टीत मुलं पटांगणात असतात, तीच खरी मध्यान्ह. त्यात आपल्या कितीतरी शाळा सड्यावर आहेत. खाली तापलेला कातळ, वर पत्रा, आसपास झाड नाही.

ऑस्ट्रेलियाने टोपी परत आणली

ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीमुळे त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात १९८१ मध्ये सदरा, मलम आणि टोपी वापरा असं सांगणारी मोहीम सुरू झाली, १९८८ मध्ये तिचं 'सनस्मार्ट' झालं आणि मग ती शाळांत शिरली. नियम साधा होता. टोपी नसेल तर खेळ सावलीत. शिक्षकांनीही टोपी घालायची, कारण मुलं ऐकत नाहीत, बघतात.

आपल्या मुलांच्या त्वचेत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे त्या कर्करोगाची तितकी भीती आपल्याला नाही. ड जीवनसत्त्वासाठी थोडं ऊन अंगावर घ्यायलाच हवं. म्हणून त्यांची मलमं उचलायची गरज नाही. उचलायची ती एक गोष्ट, नियम शाळेच्या रोजच्या वागण्यात असणं.

परिपत्रक आलं, पुढे काय?

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या समारंभात उष्माघाताने डझनाहून अधिक माणसं गेली. पारा ३८ च्या आसपासच होता. चारच दिवसांनी राज्य सरकारने २१ एप्रिलपासून शाळांना सुट्टी जाहीर केली. त्याआधी मे २०२२ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने सकाळची शाळा, टायची सक्ती नको, चामड्याऐवजी कॅनव्हासचे बूट अशा सूचना दिल्या होत्या. २०२५ मध्ये राज्याने प्राथमिक शाळांची वेळ सकाळी ७ ते ११.१५ केली. ते परिपत्रक मार्चच्या अखेरीस निघालं. कोकण किनाऱ्यासाठी उष्णतेचा इशारा त्याच वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस आला होता. मधला महिना कुणाच्या भरवशावर?

तो शाळेतल्या माणसांच्या भरवशावर जातो. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, अंगणवाडीच्या सेविका. परिपत्रक कार्यालयातल्या फायलीत लागतं. मूल पटांगणात चक्कर येऊन पडतं तेव्हा शेजारी बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी असतं. त्या बाई निष्काळजी नव्हत्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

शाळेतल्या प्रत्येकाला हे माहीत असावं

- स्वतःची सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे. कवायत, शर्यती, लांबलेली प्रार्थना तेव्हा नको. हे मुलांनाही शिकवता येतं.
- मुलं खेळताना पाणी मागत नाहीत. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. आपणही फेब्रुवारीपासून ती वाजवावी.
- लघवीला जळजळ होते, म्हणजे 'उन्हाळी लागली' असं मूल सांगत असेल, तर बहुतेक वेळा ते पाणी कमी पितंय. दोन दिवसांत थांबलं नाही किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.
- डोकेदुखी, मळमळ, चक्कर, खूप घाम ही पहिली पायरी. सावली, वारा, ओलं फडकं, जलसंजीवनी किंवा मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत द्या.
- मूल असंबद्ध बोलू लागलं, झटके आले, बेशुद्ध झालं आणि अंग चटका बसेल इतकं गरम असेल तर तो उष्माघात. अंग घामाने ओलं असलं तरीही! १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवा. तोंडात काही घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. बहुतेक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. जानेवारीतल्या सभेत हा विषय मांडा: पटांगणात सावली कुठे आहे, पाणी कुठे आहे, फेब्रुवारीत कवायत किती वाजता. त्या बाईंनी त्यांच्या शाळेत सराव सकाळी आठला आणला आणि आंब्याखाली पाण्याचा माठ ठेवला. खर्च एका माठाचा झाला.