अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची हंगामोत्तर स्पर्धा : क्रीडागृह, शहर आणि बाजारपेठ यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय वाचकाला 'प्लेऑफ' हा शब्द प्रामुख्याने क्रिकेटमुळे परिचित झाला. इंडियन प्रीमियर लीगने २०११ मध्ये उपांत्य सामन्यांऐवजी ही पद्धत स्वीकारली आणि तो शब्द मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर रूढ झाला. साखळी सामन्यांतून वरचे काही संघ निवडावयाचे आणि विजेतेपदासाठी त्यांच्यात पुन्हा नव्याने झुंज लावावयाची, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. युरोपातील बहुतेक फुटबॉल लीगमध्ये हंगामाअखेर ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता, असा सरळ हिशेब असतो. अमेरिकेतील व्यावसायिक खेळांनी मात्र हा हिशेब स्वीकारला नाही. सहा-सात महिन्यांच्या साखळीत जो संघ अव्वल ठरला, त्यालाही एप्रिलपासून पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

असे का घडले, याचे उत्तर बहुधा 'उत्कंठा' या एका शब्दात दिले जाते. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एनबीए, या संघटनेच्या हंगामोत्तर स्पर्धेचा इतिहास पाहिला असता हे उत्तर अपुरे ठरते. किती संघांना प्रवेश द्यावयाचा, सामने किती व कोठे खेळवावयाचे, या प्रश्नांचे निर्णय गुणवत्तेपेक्षा क्रीडागृहाच्या रिकाम्या तारखा, तिकीटविक्री आणि पुढे दूरचित्रवाणीची वेळापत्रके यांनी अधिक प्रमाणात ठरविले. या व्यवहारात ज्या लहान औद्योगिक शहरांनी स्पर्धेला आरंभीचे विजेते दिले, ती शहरे स्पर्धेच्या नकाशावरून जवळजवळ पुसली गेली. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा मागोवा घेतला आहे.

हॉकीच्या घरातील पाहुणा

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे 'बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका' ही संघटना स्थापन झाली. तिचे संस्थापक बास्केटबॉलचे जाणकार होते असे म्हणता येत नाही. बोस्टनचे वॉल्टर ब्राउन, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनचे नेड आयरिश यांसारखी ही मंडळी मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे चालक होती. त्यांपैकी अनेकांकडे आइस हॉकीचे संघ होते. हॉकीचा सामना नसलेल्या रात्री क्रीडागृह रिकामे राहते, ही त्यांची अडचण होती. संघटनेचे अध्यक्षपद मॉरिस पोडोलॉफ यांना देण्यात आले. ते त्या वेळी अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते. साहजिकच नव्या लीगने हंगामोत्तर स्पर्धेचा आराखडाही हॉकीकडूनच उसना घेतला.

हा आराखडा आजच्या दृष्टीने चमत्कारिक होता. पूर्व व पश्चिम या दोन्ही विभागांतील अव्वल संघांनी उपांत्य फेरीतच एकमेकांशी भिडावयाचे, आणि दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या संघांनी आपसांत खेळून दुसरा अंतिम स्पर्धक निश्चित करावयाचा. म्हणजे दोन अव्वल संघांपैकी एक अंतिम फेरीपूर्वी बाद होणार हे आधीच ठरलेले. १९४७ मध्ये त्याचा फटका वॉशिंग्टन कॅपिटॉल्स या संघास बसला. रेड ऑरबाख यांच्या मार्गदर्शनाखाली या संघाने ६० पैकी ४९ सामने जिंकले होते. उपांत्य फेरीत शिकागो स्टॅग्सने त्यांना ४-२ असे हरविले. अंतिम मालिकेत शिकागोला ४-१ असे नमवून विजेतेपद मिळविले ते आपल्या विभागात दुसऱ्या आलेल्या फिलाडेल्फिया वॉरियर्सने, ज्यांचे साखळीतील विजय होते ३५. येथे कोणावर अन्याय करण्याचा हेतू होता असे नव्हे. दोन मोठ्या संघांची लांब मालिका लवकर खेळविली की दोन्ही शहरांत तिकिटे खपतात, आणि तळाच्या चार संघांनाही घरच्या प्रेक्षकांसमोर आणखी एखादी रात्र मिळते, हे क्रीडागृहचालकाच्या गणितात चपखल बसणारे होते. तरीही पहिल्या हंगामानंतर अकरापैकी चार संघ बंद पडले.

१९४८ साली मिनियापोलिस, रॉचेस्टर, फोर्ट वेन आणि इंडियानापोलिस हे चार संघ प्रतिस्पर्धी 'नॅशनल बास्केटबॉल लीग'मधून इकडे आले. पुढच्या वर्षी, ३ ऑगस्ट १९४९ रोजी, दोन्ही संघटनांचे विलीनीकरण होऊन एनबीए हे नाव रूढ झाले. मोठी क्रीडागृहे एका बाजूची व चांगले खेळाडू दुसऱ्या बाजूचे, असे या मीलनाचे स्वरूप होते. १९४९ ते १९५५ या सात वर्षांतील विजेते पाहिले तर हे स्पष्ट होते : मिनियापोलिस पाच वेळा, रॉचेस्टर एकदा व सिरॅक्यूज एकदा. न्यूयॉर्क, बोस्टन, फिलाडेल्फिया ही महानगरे या यादीत नाहीत.

सर्कस, बोलिंग आणि अंतिम सामना

या काळातील स्पर्धेची प्रतिष्ठा किती होती, हे १९५१ च्या अंतिम मालिकेवरून समजते. एका बाजूस न्यूयॉर्क निक्स, दुसऱ्या बाजूस लेस हॅरिसन यांचा रॉचेस्टर रॉयल्स. रॉचेस्टरने पहिले तीन सामने जिंकले, न्यूयॉर्कने पुढचे तीन जिंकून बरोबरी साधली, आणि २१ एप्रिल रोजी सातव्या सामन्यात रॉचेस्टरने ७९-७५ असा विजय मिळविला. अशा मालिकेतील न्यूयॉर्कचे घरचे सामने मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये व्हावयास हवे होते. तेथे त्या दिवसांत दरवर्षीप्रमाणे रिंगलिंग बंधूंची सर्कस मुक्कामास होती. त्यामुळे निक्सला ६९व्या रेजिमेंटच्या आर्मरीत, म्हणजे लष्करी कवायतीच्या इमारतीत, खेळावे लागले. (१९१३ साली आधुनिक चित्रकलेचे गाजलेले प्रदर्शन याच इमारतीत भरले होते, हा योगायोग कलेच्या अभ्यासकांना रोचक वाटेल.) १९५२ व १९५३ मध्येही हेच घडले. क्रीडागृह भरावे म्हणून जन्मलेल्या लीगचा अंतिम सामना त्याच क्रीडागृहात बसेना, कारण हत्ती आणि विदूषक अधिक उत्पन्न देत होते.

१९५५ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. फोर्ट वेन पिस्टन्स अंतिम फेरीत पोहोचले तेव्हा त्यांच्या शहरातील कोलिझियम बोलिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी आधीच आरक्षित झाले होते. संघाला आपले 'घरचे' तीन सामने इंडियानापोलिस येथे खेळावे लागले. ते तिन्ही त्यांनी जिंकले, ही गोष्ट वेगळी. परंतु फोर्ट वेनच्या प्रेक्षकाला आपल्या संघाची अंतिम मालिका स्वतःच्या शहरात पाहावयास मिळाली नाही. सातव्या सामन्यात सिरॅक्यूजने ९२-९१ अशी एका गुणाने बाजी मारली. सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांचा मूळ व्यवसाय बोलिंगगृह चालविण्याचा होता, हे येथे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

याच बियासोन यांच्या आग्रहाने १९५४-५५ च्या हंगामापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचा नियम आला. त्या नियमाची गरज अधोरेखित करणाऱ्या लढतींपैकी एक हंगामोत्तर स्पर्धेतीलच होती. २१ मार्च १९५३ रोजी बोस्टन व सिरॅक्यूज यांच्यातील सामना चार वेळा जादा वेळेत गेला. आघाडी मिळाली की चेंडू अडवून धरावयाचा आणि प्रतिस्पर्ध्याने फाउल करून तो परत मिळवावयाचा, असा सारा खेळ; फाउलांची संख्या शंभराच्या वर गेली. बॉब कूझी यांनी ५० गुण केले, त्यांतील ३० केवळ फ्री थ्रोचे होते. एरव्हीच्या सामन्यातील कंटाळा प्रेक्षक सहन करतो; निर्णायक सामन्यातील कंटाळा तो सहन करीत नाही. बियासोन यांचा हिशेबही व्यापाऱ्याचाच होता : रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टाकतात, सामना २८८० सेकंदांचा, म्हणून प्रत्येक वेळेस २४ सेकंद.

दार किती उघडावे

प्रवेशाच्या प्रश्नाबाबत १९५३ चे वर्ष विशेष बोलके आहे. लीगमध्ये दहा संघ होते आणि आठ संघांना हंगामोत्तर स्पर्धेत स्थान होते. सुमारे सत्तर सामन्यांचा हंगाम केवळ दोन संघ वगळण्यासाठी खेळविला गेला. पूर्व विभागात बाल्टिमोर बुलेट्सने १६ सामने जिंकले व ५४ गमावले. तरी चौथा क्रमांक म्हणून त्यास प्रवेश मिळाला. पश्चिम विभागात २७ विजय मिळवूनही मिलवॉकी हॉक्स तळाशी राहिल्यामुळे बाहेर पडले. १९५४ मध्ये सहा संघांपुरती मर्यादा घालून विभागवार साखळी खेळविण्याचा प्रयोग झाला, तो एका वर्षातच सोडून देण्यात आला.

त्यानंतरची वाटचाल एकाच दिशेने झाली. १९६७ मध्ये आठ, १९७५ मध्ये दहा, १९७७ मध्ये बारा आणि १९८४ मध्ये सोळा संघ. १९८४ साली लीगमध्ये तेवीस संघ होते. म्हणजे ९४३ साखळी सामने खेळून सात संघ गाळण्यात आले. बोस्टन सेल्टिक्सच्या प्रदीर्घ वर्चस्वाविषयी (१९५७ ते १९६९ या काळात अकरा विजेतेपदे, त्यांपैकी आठ सलग) पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे आवश्यक नाही. दार उघडत जाण्यामागील कारण अधिक महत्त्वाचे आहे. खेळाडूंचे करारातील वेतन साखळी हंगामापुरते असते. हंगामोत्तर सामन्यांसाठी त्यांना एका सामायिक निधीतून वाटा मिळतो. त्यामुळे एप्रिलनंतरचा प्रत्येक घरचा सामना मालकाच्या दृष्टीने अल्प खर्चाचा व भरघोस मिळकतीचा असतो.

दूरचित्रवाणीचे महत्त्व मात्र एका रात्रीत वाढले नाही. १६ मे १९८० रोजी फिलाडेल्फिया येथे वीस वर्षांच्या मॅजिक जॉन्सन यांनी जखमी करीम अब्दुल-जब्बार यांच्या अनुपस्थितीत ४२ गुण करून लॉस एंजेलिस लेकर्सला विजेतेपद मिळवून दिले. हा सामना अमेरिकेतील बहुतांश शहरांत रात्री उशिरा, ध्वनिचित्रमुद्रणावरून दाखविला गेला. सायंकाळची वेळ सीबीएस वाहिनीने नेहमीच्या मनोरंजन मालिकांसाठी राखून ठेवली होती. १९५१ मध्ये सर्कशीने जे स्थान घेतले होते तेच १९८० मध्ये मालिकांनी घेतले, असे म्हणावयास हरकत नाही. पुढील दोन दशकांत हे चित्र पालटले. २००३ मध्ये, नव्या प्रसारण कराराच्या पहिल्याच हंगामात, पहिल्या फेरीची मालिका पाचवरून सात सामन्यांची करण्यात आली. १९८५ ते २०१३ या काळात अंतिम मालिकेत मधले सलग तीन सामने एकाच शहरात होत, ते दोन किनाऱ्यांमधील प्रवास वाचावा म्हणून.

दार इतके उघडूनही विजेतेपद कोणाकडे जाते, हा प्रश्न उरतोच. आठव्या मानांकनाचा संघ २०२५ पर्यंत एकदाही विजेता ठरलेला नाही. १९९९ मध्ये न्यूयॉर्क आणि २०२३ मध्ये मायामी असे दोन आठव्या मानांकनाचे संघ अंतिम फेरीपर्यंत गेले. दोघेही ४-१ असे हरले. सर्वांत खालच्या मानांकनाचा विजेता म्हणजे १९९५ चा ह्यूस्टन रॉकेट्स, सहावा. सात सामन्यांच्या मालिकेत योगायोगाला फारसा वाव राहत नाही. म्हणजे प्रवेश वाढविल्याने विजेता सहसा बदलत नाही. बदलते ती आशेची मुदत, आणि त्या मुदतीचे तिकीट विकले जाते. २०२१ पासून सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांसाठी घेतली जाणारी प्रवेश-लढत हा याच धोरणाचा पुढचा टप्पा होय. तीसपैकी वीस संघ त्यामुळे एप्रिलपर्यंत शर्यतीत राहतात.

२०२० च्या साथीत या स्पर्धेला शहराचीही गरज उरली नसल्याचे दिसून आले. सर्व सामने ऑर्लॅंडोजवळील डिस्नेच्या संकुलात, प्रत्यक्ष प्रेक्षकांविना झाले. प्रक्षेपण चालू होते, तेवढे पुरे होते. तेथेच २६ ऑगस्ट रोजी केनोशा येथील पोलिसी गोळीबाराच्या निषेधार्थ मिलवॉकी बक्सच्या खेळाडूंनी सामन्यासाठी मैदानात उतरण्यास नकार दिला आणि स्पर्धा काही दिवस थांबली. खेळविणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये खेळणाराही असतो, याची ती दुर्मिळ नोंद होय.

रॉचेस्टर ते सॅक्रामेंटो

आरंभीच्या लहान शहरांचे काय झाले? फोर्ट वेनचा संघ १९५७ मध्ये डेट्रॉइटला, मिनियापोलिसचा १९६० मध्ये लॉस एंजेलिसला, सिरॅक्यूजचा १९६३ मध्ये फिलाडेल्फियाला गेला. रॉचेस्टर रॉयल्सचा प्रवास सर्वांत लांबचा : १९५७ मध्ये सिनसिनाटी, १९७२ मध्ये कॅन्सस सिटी, १९८५ मध्ये सॅक्रामेंटो. किंग्ज या नावाने ओळखला जाणारा हा संघ २०१३ मध्ये सिॲटलला हलविण्याचा प्रस्ताव आला. संघमालकांनी तो २२ विरुद्ध ८ मतांनी फेटाळला आणि मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ विकत घेतला. नव्या क्रीडागृहासाठी शहराने सार्वजनिक निधीतून मोठा वाटा उचलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच संघ मुंबईत वरळी येथे इंडियाना पेसर्सविरुद्ध दोन सराव सामने खेळला.

मुंबईत आला तेव्हा किंग्जचा हंगामोत्तर स्पर्धेशी संबंध तुटून तेरा वर्षे झाली होती. २००६ नंतर सलग सोळा हंगाम त्यास प्रवेश मिळाला नाही. अर्ध्याहून अधिक संघांना आत घेणाऱ्या लीगमधील हा विक्रमच होय. २०२३ मध्ये संघ पश्चिम गटात तिसरा आला. पहिल्या फेरीची मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि ३० एप्रिल रोजी सॅक्रामेंटोच्या भरगच्च क्रीडागृहात गोल्डन स्टेटच्या स्टीफन करी यांनी ५० गुण करून यजमानांना १२०-१०० असे पराभूत केले. या संघाच्या नावावर विजेतेपद एकच आहे, ते १९५१ चे, आणि ते रॉचेस्टरने जिंकलेले आहे.